मे महिन्यात गळ टाकायला वैनगंगा की मामा तलाव?

गाडीतच पथारी टाकून चार दिवस मासे धरत फिरायचं, तर भंडाऱ्याकडे दोन वाटा आहेत. पवनीजवळ वैनगंगेचा काठ ऐसपैस, पण पारा 45 ला टेकतो, रेतीवर सावली नाही आणि दुपारी गाडीच्या पत्र्याला हात लागत नाही.

माझा कौल मामा तलावाला, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या) तलावाला. पाळीवरच्या झाडाखाली गाडी लागते. भल्या पहाटे गवताच्या कडेला बघत राहा. मरळ मासळी हवा घ्यायला वर येते, टपकन आवाज होतो, पाण्यावर वर्तुळ उमटतं. गळ तिथेच, अगदी हलक्या हाताने सोडा. लालसर पिलांचा घोळका दिसला तर मात्र तिला राहू द्या, ती राखण करतेय.

तलाव बहुतेक मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या संस्थेकडे ठेक्याने असतात. आधी त्यांना विचारा.