बायो बिअर खरंच वेगळी लागते का? न्यूर्नबर्गच्या दुकानातल्या बाटल्यांचा रिव्ह्यू

जर्मनीत न्यूर्नबर्गला आमच्या घराजवळ एक गेट्रेंकेमार्क्ट आहे, म्हणजे बिअर, पाणी, ज्यूस सगळं क्रेटमध्ये मिळतं ते दुकान. क्रेटवर क्रेट रचलेले, मधून आडवं होऊन जायचं, आणि मागच्या कोपऱ्यात अख्खं शेल्फ बायो, म्हणजे सेंद्रिय बिअरचं. बाटलीवर युरोपियन युनियनचं ते हिरवं पान असतं, ते लावायचं तर शेतीमालातला निदान ९५ टक्के माल सेंद्रिय लागतो. शनिवारी मित्रमंडळी येणार होती म्हणून सुट्ट्या बाटल्या उचलल्या, चखण्याला कोथिंबीर वडी आणि सांगलीहून आलेलं भडंग.

सुरुवात लाम्सब्रॉय ह्या ब्रुअरीची उरश्टोफ. ही नॉयमार्क्टची, इथून जेमतेम ४० किलोमीटर, अल्कोहोल ४.७ टक्के. सोनेरी, स्वच्छ, भाजलेल्या पावासारखी हलकी चव, कडूपणा अगदी बेताचा, वडीबरोबर कधी संपली कळलंच नाही. पण खरं सांगू का, डोळे बांधून दिली असती तर ही बायो आहे हे मी तरी ओळखलं नसतं. ७/१०. एकाला गाडी चालवायची होती, त्याला ह्यांचीच बिनअल्कोहोलची दिली, तो बिचारा काहीच बोलला नाही.

मग मुन्स्टरच्या पिंकुस म्युलर ब्रुअरीची आल्ट, हा बिअरचा एक जुना जर्मन प्रकार. आल्ट म्हटलं की ड्युसेलडॉर्फसारखी तांबूस-काळपट असेल असं वाटतं, ही निघते फिकट, आणि मागून किंचित आंबट. पहिल्या घोटाला दोघांनी तोंड वाकडं केलं, पण भडंगाच्या तिखटावर तो आंबटपणा असला जमला ना! ७.५.

आता खरी गंमत. रीडेनबुर्गर ब्रुअरीची एमर बिअर. एमर म्हणजे आपला खपली गहू हो, तोच, ज्याची खीर आणि पुरणपोळी करतात. घरात सगळ्यांना हे सांगितल्यावर कोणाचा विश्वास बसेना, शेवटी फोनवर कणसाचे फोटो दाखवले. ग्लासात ओतली की गढूळ, तांबूस, वर जाड फेस बराच वेळ टिकतो, नाकाला पिकलेल्या फळाचा वास, आणि गिळल्यावर जिभेवर धान्याची खमंग चव मागे राहते जी नेहमीच्या जवाच्या बिअरला नसते. १५१६ च्या बव्हेरियाच्या त्या प्रसिद्ध कायद्यात फक्त जव, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच चालायचं, म्हणजे तेव्हा ही बिअर बादच झाली असती, आता वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवलेल्या बिअरला गव्हाचा माल्टही (मोड आणून वाळवलेलं धान्य) चालतो. ९/१०, आणि तो एक मार्क फक्त किंमत बघून कापलाय.

एक बाटली मात्र साफ फसली. एक बायो पिल्स (फिकट, जरा कडवट बिअर), नाव घेत नाही, कारण बिअरपेक्षा दुकानाचाच दोष जास्त वाटतोय, हिरवी बाटली आणि ठेवलेली थेट खिडकीत. उन्हाने हॉप्सचं वाटोळं होतं, उघडल्या उघडल्या घाणेरडा वास, आम्ही दोन घोट घेऊन सिंकमध्ये ओतली. मार्क नाहीत. त्यामुळे घेताना तपकिरी बाटली बघा आणि मागच्या रांगेतली काढा, दुकानदार जरा बघतो आपल्याकडे पण बोलत नाही काही.

किमतीचं म्हणाल तर साध्या बिअरपेक्षा बऱ्यापैकी महाग पडतं. तब्येतीसाठी घेताय तर थांबा जरा. २०१६ मध्ये म्युनिकच्या एका संस्थेने १४ जर्मन बिअर तपासल्या आणि सगळ्यांत ग्लायफोसेट हे तणनाशक सापडलं, पेपरांत मोठा गाजावाजा झाला, पण सरकारी संस्थेचं म्हणणं की त्याने अपाय व्हायला माणसाने दिवसाला १००० लिटर बिअर प्यायला हवी, आणि तेवढी प्यायल्यावर तणनाशकाची काळजी करायला माणूस उरेल का! शेतात फवारणी कमी व्हावी असं वाटत असेल तर वेगळी गोष्ट, तो मुद्दा मला पटतो.

दुकानाला ६.५ देतो, माल भारी, ठेवण्याची शिस्त नाही. एमर तिकडे सर्वात खालच्या फळीवर असते, वाकून बघावं लागतं, आणि क्रेट उचलायच्या आधी एकच बाटली घेऊन बघा. रिकामी परत केली की ८ सेंट मिळतात.