वर्डफेन्सची मोफत आवृत्ती काही महिने वापरल्यावर: परवानगीच्या त्रुटींपुढे ती किती टिकते?

मी तीन साइट सांभाळते. एक तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची, एक गिर्यारोहण मंडळाची आणि एक कोकणातला घरगुती माल विकणाऱ्या छोट्या दुकानाची. तिन्ही वर्डप्रेसवर आहेत आणि तिन्ही स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर. गेले काही महिने तिन्हींवर वर्डफेन्स या सुरक्षेच्या प्लगइनची (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरची) मोफत आवृत्ती चालू आहे. या प्लगइनची परीक्षणं भरपूर सापडतात, पण बहुतेक जण ‘इतके हल्ले अडवले’ या आकड्याशी थांबतात. तो आकडा मोठा दिसतो, कारण त्यात पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणारे बॉट असतात, आणि ते कुठल्याही साइटवर रोज येतात. मला इथे एकाच प्रकारच्या त्रुटीबद्दल लिहायचं आहे: ज्याला जे करायचा अधिकार नाही, त्याला ते करता येणं. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या, सगळ्यात गंभीर धोक्यांच्या २०२१ च्या यादीत हाच प्रकार पाचव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर गेला, आणि वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये तो सतत सापडतो.

वर्डप्रेसमध्ये सबस्क्रायबर, कॉन्ट्रिब्युटर, ऑथर, एडिटर आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अशा पायऱ्या आहेत. कुठलंही महत्त्वाचं काम करण्याआधी प्लगइनने दोन गोष्टी तपासायच्या असतात: ही व्यक्ती कोण, आणि तिला हे काम करायची मुभा आहे का. पहिली तपासणी बहुतेक प्लगइन करतात, दुसरी राहून जाते. वाचनालयाचं कार्ड दाखवलं म्हणून आपण सभासदाच्या हातात जमाखर्चाची वही देत नाही, पण कितीतरी प्लगइन नेमकं तेच करतात. जुलै २०२५ मध्ये उघड झालेली पोस्ट एसएमटीपी या प्लगइनमधली त्रुटी अशीच होती. चार लाखांहून जास्त साइटवर असलेलं हे प्लगइन ईमेलची नोंदवही देताना समोरच्याने लॉग-इन केलंय का एवढंच बघत होतं. त्या नोंदवहीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलण्यासाठी गेलेला मेलही असायचा. म्हणजे साध्या सबस्क्रायबरने अ‍ॅडमिनसाठी ‘पासवर्ड विसरलो’ दाबायचं, नोंदवहीतून लिंक उचलायची आणि साइट ताब्यात घ्यायची.

आता वर्डफेन्सकडे येते. बसवणं सोपं आहे. मोफत परवाना घ्यायला ईमेल द्यावा लागतो, पहिला आठवडा फायरवॉल (येणाऱ्या विनंत्या तपासून वाईट त्या अडवणारा भाग) शिकण्याच्या स्थितीत असतो आणि मग कामाला लागतो. एक काम मात्र विसरू नका: ‘एक्स्टेंडेड प्रोटेक्शन’ चालू करा. त्याशिवाय फायरवॉल इतर प्लगइनसारखा वर्डप्रेसबरोबरच सुरू होतो. चालू केल्यावर तो वर्डप्रेसच्या आधी उभा राहतो आणि येणारी प्रत्येक विनंती त्याच्यासमोरून जाते.

हा फायरवॉल तुमच्याच सर्व्हरवर, साइटच्या आत बसतो, आणि आपल्या विषयासाठी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. लॉग-इन झालेल्याची भूमिका काय हे तो स्वतःच्या वेगळ्या कुकीत ठेवतो. त्यामुळे ‘हे काम अ‍ॅडमिन सोडून इतर कुणी करत असेल तर अडव’ असा नियम त्याला लिहिता येतो. साइटच्या बाहेर, क्लाउडमध्ये बसणाऱ्या फायरवॉलला समोरचा सबस्क्रायबर आहे की एडिटर हे सहसा कळतच नाही, कारण त्याला फक्त विनंती दिसते. परवानगीच्या त्रुटींमध्ये तर विनंतीत वाईट असं काही नसतंच. डेटाबेस फोडणाऱ्या हल्ल्यात विचित्र चिन्हं असतात, फाइल चढवणाऱ्या हल्ल्यात पीएचपीचा कोड असतो, ते साधारण नियमांनी ओळखता येतं. इथे मजकूर स्वच्छ असतो. चुकीचा असतो तो विचारणारा.

दुकानाच्या साइटमुळे मला हे जास्त जाणवतं. मार्च २०२३ मध्ये एलिमेंटॉर प्रो या पानं रचायच्या प्लगइनमध्ये सापडलेली त्रुटी ३.११.६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत होती. सोबत वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन असेल तर कुठल्याही लॉग-इन झालेल्या ग्राहकाला साइटच्या सेटिंग बदलता येत होत्या. नोंदणी सर्वांना खुली करायची, नव्या सदस्याची भूमिका अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ठेवायची, आणि मग आपणच नोंदणी करून आत शिरायचं. ‘लॉग-इन लागतं’ म्हणून अशा त्रुटीला गांभीर्याचे दहापैकी ८.८ गुण मिळतात, लॉग-इन न लागणाऱ्यांना ९.८. वाचनालयाच्या साइटवर नोंदणी बंद आहे, खाती फक्त कर्मचाऱ्यांची आहेत, तिथे हा फरक खरा आहे. दुकानात मात्र कोकम आगळाची बाटली मागवणारा प्रत्येक जण खातं उघडू शकतो. तिथे ८.८ आणि ९.८ यांत मी काहीही फरक करत नाही, आणि ज्यांच्या साइटवर नोंदणी खुली आहे त्यांनीही करू नये.

आता मर्यादा. वर्डफेन्स ज्या त्रुटीचा नियम लिहिलेला आहे तिथेच भूमिका तपासू शकतो. जी त्रुटी अजून कुणाला सापडलेली नाही, तिथे तो गप्प राहतो. गिर्यारोहण मंडळाच्या साइटवर ट्रेकच्या नोंदणीसाठी एक छोटं प्लगइन होतं, त्याचं नाव घेत नाही. प्रत्येक अपडेटनंतर साइटच्या चाचणी प्रतीवर सबस्क्रायबरच्या एका खात्याने आत जायचं आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधून प्लगइनचे रेस्ट एपीआयचे पत्ते (ज्यांवरून साइट थेट माहिती देते-घेते) एकेक करून उघडून बघायचे, ही माझी सवय आहे. एका पत्त्यावर नोंदणीची अख्खी यादी समोर आली: नावं, मोबाइल नंबर, रक्तगट, घरच्यांचा आपत्कालीन संपर्क. त्यासाठी लागणारा नॉन्स, म्हणजे वर्डप्रेसचा तात्पुरता पडताळणी-कोड, पानाच्या सोर्समध्येच छापलेला होता. नॉन्स फक्त इतकंच सांगतो की विनंती आपल्याच पानावरून, त्याच माणसाकडून आली आहे. त्या माणसाला अधिकार आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि वर्डप्रेसची स्वतःची कागदपत्रंही हे स्पष्ट बजावतात. तरीही प्लगइन लिहिणारे पुन्हा पुन्हा नॉन्स तपासून थांबतात.

वर्डफेन्सच्या लाइव्ह ट्रॅफिकमध्ये, म्हणजे साइटवर येणाऱ्या विनंत्यांच्या यादीत, त्या विनंतीची नोंद इतर कुठल्याही पानाच्या नोंदीसारखीच होती. त्यात फायरवॉलला दोष देता येत नाही. यादी कुणी बघायची हे त्याला कोण सांगणार? प्लगइनच्या लेखकाला सविस्तर मेल लिहिला, दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत प्लगइन बंद ठेवलं आणि ट्रेकची नोंदणी फोनवर घेतली. लोक डोंगरावर जाताना विश्वासाने रक्तगट लिहून देतात. ती माहिती कुणाही अनोळखी सबस्क्रायबरच्या हाती लागणं मला सहन होत नाही, आणि हे नुसतं कायद्यापुरतं नाही.

डेव्हलपर मंडळींसाठी एक गोष्ट. २०२० च्या ऑगस्टमध्ये वर्डप्रेस ५.५ आल्यापासून रेस्टचा पत्ता नोंदवताना परवानगी तपासणारं फंक्शन दिलं नाही तर सूचना दिसते. सूचना घालवायला कितीतरी जण तिथे ‘नेहमी हो’ असं उत्तर देणारं तयार फंक्शन लिहून मोकळे होतात. पान न बदलता मागून विनंती पाठवायच्या जुन्या अ‍ॅजॅक्स पद्धतीत तर अशी सूचनाही नाही. आणि ‘इज अ‍ॅडमिन’ या फंक्शनवर विसंबलेला कोड अजून दिसतो. विनंती प्रशासनाच्या बाजूला आली आहे का एवढंच ते सांगतं, आणि लॉग-इन न केलेल्या माणसाची अ‍ॅजॅक्स विनंतीही त्यात बसते. अधिकार तपासायला ‘करंट युजर कॅन’ आहे. तेच वापरावं.

मोफत आवृत्तीबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तीस दिवसांचा आहे. फायरवॉलचे नवे नियम पैसे भरणाऱ्यांना लगेच मिळतात, मोफतवाल्यांना तीस दिवसांनी. हे ते लपवत नाहीत. याचा अर्थ नीट समजायला नोव्हेंबर २०२४ मधलं प्रकरण बघावं. रिअली सिंपल सिक्युरिटी हे चाळीस लाखांहून जास्त साइटवरचं, सुरक्षेसाठीच वापरलं जाणारं प्लगइन. त्यातली द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) चालू असेल तर तिच्याच कोडमधल्या चुकीमुळे कुणालाही पासवर्डशिवाय अ‍ॅडमिन म्हणून आत जाता येत होतं. त्रुटी वर्डफेन्सच्याच लोकांना ६ नोव्हेंबरला सापडली. पैसे भरणाऱ्यांना नियम त्याच दिवशी मिळाला, मोफतवाल्यांना ६ डिसेंबरला मिळायचा होता. दरम्यान १४ नोव्हेंबरला त्रुटी जाहीर झाली. म्हणजे त्रुटी जगजाहीर आणि नियम तीन आठवडे लांब. मोफतवाल्यांना वाचवलं ते वर्डप्रेस डॉट ऑर्गने (प्लगइन जिथून मिळतात त्या अधिकृत साइटने) ९.१.२ ही दुरुस्त आवृत्ती सक्तीने पाठवली म्हणून.

एप्रिल २०२५ मधलं ऑटोकिट या प्लगइनमधल्या त्रुटीचं प्रकरण याहून वाईट. जाहीर झाल्यावर चार तासांत हल्ले सुरू झाले. उलट वूकॉमर्स पेमेंट्स या पैसे घ्यायच्या प्लगइनची त्रुटी मार्च २०२३ मध्ये दुरुस्त झाली आणि हल्ल्यांची मोठी लाट आली जुलैमध्ये. १६ जुलैच्या एका दिवसात वर्डफेन्सने १ लाख ५७ हजार साइटवर तेरा लाख हल्ले मोजले. तोपर्यंत मोफत नियमालाही महिने झाले होते. त्यामुळे तीस दिवसांनी आलेला नियम वाया जात नाही, पण त्याच्या भरवशावर अपडेट थांबवून ठेवणं धोक्याचं आहे. मी तिन्ही साइटवर प्लगइनचं ऑटो-अपडेट चालू ठेवलं आहे. अपडेटने साइट मोडेल ही भीती मला ठाऊक आहे, आणि मोडलेली साइट मी बॅकअपवरून तासाभरात उभी करते. बाहेर गेलेली सदस्यांची यादी परत आणता येत नाही.

लॉग-इनच्या द्विस्तरीय पडताळणीची सोय मोफत आवृत्तीतही आहे आणि ती मनापासून आवडली. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना मोबाइलवरचं ऑथेंटिकेटर अ‍ॅप दाखवायला एक दुपार पुरली, आणि रिकव्हरी कोड छापून कपाटात ठेवले. पण ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही हे समजून घ्या. मे २०२३ मधल्या एसेन्शिअल अ‍ॅडऑन्स या प्लगइनच्या त्रुटीत हल्लेखोराला कुणाचाही पासवर्ड बदलता येत होता. तिथे त्याला नंतर नेहमीच्या दारानेच आत यावं लागतं, आणि पडताळणी त्याला अडवते. वूकॉमर्स पेमेंट्सच्या त्रुटीत विनंतीला एक हेडर (सोबत जाणारी माहितीची ओळ) जोडलं की प्लगइन तुम्हाला थेट अ‍ॅडमिन मानत होतं. लॉग-इनचं पानच मध्ये येत नव्हतं, तर पडताळणी करणार कुठे?

स्कॅनबद्दल, म्हणजे वर्डफेन्स साइटच्या फाइली आणि प्लगइन तपासतो त्याबद्दल, थोडक्यात. शेअर्ड होस्टिंगवर तो जड पडतो, म्हणून ‘लो रिसोर्स’चा पर्याय निवडावा. मोफत आवृत्तीत स्कॅनची वेळ आपल्याला ठरवता येत नाही. पण मेलने येणाऱ्या तीन सूचना मला मोलाच्या वाटतात: बसवलेल्या प्लगइनमध्ये ज्ञात त्रुटी आहे, प्लगइन वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून काढून टाकलं आहे, आणि प्लगइन फार काळ अपडेट झालेलं नाही. यातलं काहीही वर्डप्रेस स्वतः आपल्याला सांगत नाही. अ‍ॅडमिनने नव्या उपकरणावरून लॉग-इन केलं तर येणारा मेलही चालू ठेवा आणि बाकीचे बहुतेक बंद करा, नाहीतर महत्त्वाचा मेल गर्दीत हरवतो.

वाचनालय आणि गिर्यारोहण मंडळासाठी मोफत आवृत्ती पुरेशी आहे, पाचपैकी चार गुण. मंडळाच्या साइटवर आता नोंदणीसाठी खातं लागत नाही, साधा फॉर्म आहे, आणि जुनी सबस्क्रायबर खाती काढून टाकली आहेत. दुकानासाठी मी मालकीणबाईंना वर्षाचा परवाना विकत घ्यायला सांगितलं आहे आणि त्या घेत आहेत. जिथे ग्राहकांची खाती आणि पत्ते आहेत तिथे तीस दिवस थांबायला मी तयार नाही.

वर्डफेन्सचा त्रुटींचा संग्रह सगळ्यांना मोफत बघता येतो, प्लगइन न बसवताही. नवं काही बसवण्याआधी मी तिथे त्याचं नाव शोधते. जुन्या त्रुटी दिसल्या तर लगेच नाकारत नाही. दुरुस्ती किती दिवसांत आली आणि ‘परवानगी तपासलेली नाही’ हीच नोंद पुन्हा पुन्हा आहे का, हे बघते. दुसऱ्यांदा दिसली तर ते प्लगइन माझ्या एकाही साइटवर येत नाही.