तिकोना आणि पवनेचं पाणी: वाटाड्यासोबत घालवलेला एक दिवस

माझं माहेर चिंचवडगाव. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की पवना मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापर्यंत चढायची आणि आम्ही पोरं घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायला धावायचो. 'धरण' हा शब्द लहानपणापासून कानावर, पण ते धरण नीट बघितलं वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. तेही तिकोना गडाच्या माथ्यावरून, गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी. तो दिवस ज्या मुलामुळे चांगला गेला, त्याच्याबद्दल लिहायचंच होतं. शिवाय, पन्नाशीपुढच्या बायकांना ही वाट झेपेल का, हे मला बऱ्याच जणींनी विचारलंय.

कोथरूडमधल्या एका छोट्या ट्रेकिंग गटाकडे नाव नोंदवलं होतं. माणशी अकराशे रुपये. त्यात बस, सकाळचा चहा-पोहे, गावातला वाटाड्या आणि दुपारचं जेवण. मी आणि आमच्या वन्सं धरून अठरा माणसं. बस सकाळी सहाला वनाजला येणार होती. आली वेळेवर, पण चांदणी चौकात दोघांसाठी चाळीस मिनिटं थांबवून ठेवली. ऑक्टोबरमध्ये डोंगरावर ही चाळीस मिनिटं फार महागात पडतात. दहानंतर ऊन चटका द्यायला लागतं. जे वेळेवर येतात त्यांना वेळ न पाळणाऱ्यांसाठी उन्हात चढावं लागतं, हे मला पटलेलं नाही आणि परत आल्यावर मी तसं कळवलंही.

पौडनंतर कोळवणच्या खोऱ्यात शिरलो आणि राग निवळला. दोन्ही बाजूंना खाचरं, भात निसवलेला, वर पिवळट झाक आलेली. खिडकी उघडल्याबरोबर वास आत आला. इंद्रायणी आपण दुकानातून पाच-दहा किलोंनी आणतो, पण ही जात तयार झाली ती इथून जवळच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात. हाडशी मागे टाकून साडेआठला तिकोनापेठेत उतरलो.

तिथे आमचा वाटाड्या उभा होता. पंचविशीतला, गावातलाच, पायात साध्या रबरी चपला. त्यानं आधी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या बघितल्या. ज्यांच्याकडे दोन लिटरपेक्षा कमी होतं त्यांना गावातून भरून आणायला लावलं. मग मला आणि वन्संना म्हणाला, "काकू, तुम्ही दोघी माझ्या मागेच राहा. चढताना बोलत राहायचं. बोलता येतंय तोवर चाल बरोबर. धाप लागून बोलणं तुटलं की मी थांबतो." आणि खरंच, पूर्ण चढणीत तो आमच्या बोलण्याकडे कान देऊन चालला. याआधी ज्या दोन गटांबरोबर गेले होते, त्यांत म्होरक्या पुढे पळायचा, वर जाऊन बसायचा, आणि आम्ही पोचलो की तोच उठायचा. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज, त्यांनाच ती मिळायची नाही. या मुलानं उलट केलं. सगळ्यात हळू चालणारीला पुढे ठेवलं आणि बाकीच्यांना तिच्या चालीवर आणलं.

पहिला टप्पा सोंडेवरून जातो, सोपा आहे. कडेनं सोनकी फुललेली, तेरडा संपत आलेला. वेताळ दरवाजा ओलांडल्यावर मारुतीची मोठी मूर्ती लागते. त्याला चपेटदान मारुती म्हणतात. थप्पड मारायला हात उगारलेला, पायाखाली पनवती नावाची राक्षसीण दाबलेली. पुढे सपाटीवर तुळजाईचं लेणं, त्याच्यासमोर पाण्याचं टाकं, जवळच चुन्याची घाणी. घाणीपाशी त्यानं आम्हाला बसवलं आणि चाक कसं फिरायचं, चुना कशासाठी मळायचे, हे हातानं दाखवत सांगितलं. पुरंदरच्या तहात १६६५ साली जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हा तिकोना आणि समोरचे तुंग, लोहगड, विसापूर हे चारही होते. हे माझ्या वाचनात होतं, पण चारही एका नजरेत दाखवून कोणी सांगितलं नव्हतं. बोरघाट आणि पवन मावळ यांच्यावर लक्ष ठेवायला हे गड असे एकमेकांना दिसतील असेच का हवेत, ते तिथे बसल्यावर आपोआप कळतं.

आता शेवटच्या पायऱ्या. जाहिरातीत या वाटेला 'सोपी' म्हटलंय आणि ते बरोबर नाही. बालेकिल्ल्याच्या दरवाज्याकडे जाणारा हा जिना अंगावर येतो. एकेक पायरी गुडघ्याएवढी, मध्ये झिजून गुळगुळीत झालेली, आणि त्या दिवशी कातळातून पाझर चालू असल्यानं ओली. माझा उजवा गुडघा दुखरा आहे. मी खाली उभी राहून वर बघितलं आणि मनात म्हटलं, इथूनच नमस्कार करावा. त्या मुलानं घाई केली नाही. चार पायऱ्या चढला, खाली उतरला आणि म्हणाला, "काकू, सरळ नाही चढायचं. भिंतीकडे तोंड करा, आडवं पाऊल टाका. चांगला पाय आधी वर, दुखरा मागून. पायरीचा मधला भाग सोडा, भिंतीलगतचा दगड खरखरीत आहे." तसंच केलं. तळहाताला गार कातळ, बोटांना शेवाळाचा ओलावा लागत होता, आणि पाऊल खरोखर घट्ट बसत होतं. उतरताना यानंच आमच्या खाली राहून एकेक पाऊल कुठं टाकायचं ते सांगितलं. वन्संनी तर उतरताना बसून बसून पायऱ्या पार केल्या. गटाचा दुसरा माणूस, जो सगळ्यांच्या मागे असायला हवा होता, तो त्या वेळी वर फोटो काढत होता. हे मला खटकलं.

माथ्यावर त्र्यंबकेश्वर महादेवाचं छोटं देऊळ आहे. त्याच्या बाजूनं कडेला आलो आणि सगळं पाणी एकदम दिसलं. साडेआठ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) पवना धरण, काठोकाठ. मध्ये शिरलेल्या डोंगराच्या सोंडा, पलीकडे तुंगचा सुळका, उजवीकडे लोहगड आणि त्याची विंचूकाट्याची लांब माची. जागतिक वारशाच्या यादीत २०२५ साली जे बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे.

मी त्याला सांगितलं की माझं माहेर चिंचवडला, आमच्या नळाला हेच पाणी. हे पाणी नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करून घराघरांत देतात, एवढं मला ठाऊक होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग बोट दाखवून म्हणाला, "ती सोंड पाण्यात उतरते ना, तिच्या अलीकडे आमची खाचरं होती. आजोबा सांगायचे." आवाजात तक्रार नव्हती. पुनर्वसनासाठी घरातल्या तिसऱ्या पिढीचे हेलपाटे चालू आहेत, एवढंच म्हणाला. धरणाचं पाणी नदीऐवजी थेट पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले, तेव्हा तो शाळेत होता. मी तेव्हा ती बातमी कोथरूडमध्ये चहा घेताना वाचली होती. आईच्या घरचे हंडे, माठ, पिंप, सगळं डोळ्यांसमोर आलं. कितीतरी वेळ मला काही बोलता आलं नाही, आणि त्यानंही मला घाई केली नाही.

जेवण त्याच्या चुलतीच्या घरी होतं. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, इंद्रायणीचा भात आणि वरण. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. त्या मावशींनी स्वयंपाक चालू असतानाच आम्हाला दोघींना आत बोलावून घेतलं आणि हातपाय धुवायला जागा दिली. गटानं स्वच्छतागृहाची काहीच सोय आधी सांगितली नव्हती. बायकांना हे निघायच्या आधी सांगायलाच हवं. गडावर काही नाही, मावशींच्या घरी आहे.

दुपारी पाण्याकाठानं तासभर चालणं ठरलं होतं, ते वीस मिनिटांतच उरकलं. काठावर तंबूच तंबू, मोठमोठ्यानं गाणी. वाटाड्यानं दुसरी पायवाट सुचवली होती, पण सकाळच्या उशिरामुळे वेळच नव्हता. या भागासाठी पैसे मोजले असतील, तर ते फुकट गेले असंच मी म्हणेन.

तरीही या वाटेला जाच, आणि गावातलाच वाटाड्या असेल तर जा. गुडघे दुखत असतील तर काठी न्या, पकड असलेले बूट घाला, जिन्याच्या वेळी माणूस खाली हवा असं आधीच ठरवून घ्या. रविवार टाळा, जिन्यावर रांग लागते. पाऊस चालू असताना तो जिना माझ्या वयाच्या कोणी चढू नये.

निघताना त्यानं वाघेश्वराच्या देवळाबद्दल सांगितलं. जुनं दगडी देऊळ, धरणात बुडालेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. चिंचवडच्या भावाला घेऊन मे महिन्यात यायचं ठरवलंय. "आठवडाभर आधी फोन करा काकू," तो म्हणाला, "मी काठावर जाऊन बघून येतो, पायऱ्या किती उघड्या पडल्यात ते."