पाकाचा तापमापक : दिवाळी ते संक्रांत, सुमारे तीन महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या फराळाला आठवडा उरला असताना, पाकात सळई बुडवून तापमान पाहण्याचा एक साधा डिजिटल तापमापक मी साडेतीनशे रुपयांना घेतला. रव्याचे पाकातले लाडू, चकल्या, चिक्की, काटेरी हलवा आणि एका खिळखिळ्या चौरंगाची दुरुस्ती, एवढ्या कामांत तो वापरून झाल्यावरच हे लिहीत आहे.

प्रथम त्याची परीक्षा घेतली. विरघळत्या बर्फाच्या पाण्यात त्याने 1.2 अंश सेल्सियस दाखवले आणि उकळत्या पाण्यात 99.3. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते; म्हणजे यंत्र दोन्ही ठिकाणी सव्वा अंश जास्त सांगत होते. पाकाचे पुस्तकी आकडे समुद्रसपाटीचे असतात आणि पुण्यात ते सुमारे दोन अंशांनी कमी धरावे लागतात, त्यामुळे यंत्राची चूक आणि गावाची उंची यांची जवळजवळ फिटंफाट झाली. हा निव्वळ योगायोग आहे. आपल्या यंत्राची तपासणी ज्याने त्याने करावीच.

खरा उपयोग झाला तो चिक्कीला. पहिली चिक्की मी 135 अंशांना उतरवली आणि ती दातांना अशी चिकटली की घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला हात लावणे सोडले. दुसऱ्या वेळी 147 पर्यंत थांबले, तेव्हा ती कुरकुरीत तुटली. 140 नंतर मात्र गूळ फार झपाट्याने चढतो आणि करपतोही, शिवाय या यंत्राला आकडा स्थिर करायला पाच-सहा सेकंद लागतात, म्हणून 143 दिसताच गॅस मंद करावा. अर्धा किलो गुळाचा पाक पसरट कढईत जेमतेम बोटभर उंचीचा होतो. सळईचे टोक तळाला टेकले तर आकडा फसवा येतो, तेव्हा कढई किंचित कलती धरून मोजावे. आई अजूनही वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून तो टणक वाजतो का ते ऐकते. तिचा थेंब आणि माझा आकडा तीन वेळा ताडून पाहिले. तिन्ही वेळा दोघांचे एकमत झाले, फक्त तिचे उत्तर आधी आले.

हलव्याला या यंत्राचा काहीही उपयोग नाही. परातीत खसखस मंद आचेवर ठेवून एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे, यात सळई बुडवायला जागाच नसते. हलव्याला काटा येतो तो कोरड्या थंडीमुळे आणि हाताच्या सबुरीमुळे. त्यात हे यंत्र दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडते, हे चकल्यांचे घाणे तळतानाही त्रासाचे झाले.

कार्यशाळेतला उपयोग मला अनपेक्षित होता. चौरंगाचे सांधे जोडण्यासाठी जुन्या पद्धतीचा सरस रात्रभर गार पाण्यात भिजवून, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून, 60 अंशांच्या आसपास राखावा लागतो. तो फार तापला की त्याची पकड कमी होते. पूर्वी अंदाजाने केलेल्या माझ्या दोन दुरुस्त्या का सुटल्या असाव्यात, ते आता कळले. नंतर जवसाच्या तेलात मधमाश्यांचे मेण विरघळवून लाकडाला पॉलिश केले. मेण 62 ते 64 अंशांना वितळते, त्यामुळे तेल विनाकारण तापवावे लागले नाही. या कामासाठी दुसरा तापमापक घेतला आहे, कारण सरसात बुडालेली सळई पुन्हा पाकात घालणे मला पटले नाही.

तक्रार एकच, पण मोठी आहे. आकड्यांची खिडकी सळईच्या माथ्यावरच असल्याने पाकाची वाफ थेट तिच्यात शिरते. जानेवारीत दोनदा आकडे पुसट झाले आणि तापमापक दिवसभर तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर पूर्ववत दिसू लागले. नव्याने घेणाऱ्याने खिडकी वेगळी आणि सळई वायरीने जोडलेली, असा प्रकार निवडावा. तो महाग पडला तरी चालेल.