सॅटचे दोन स्कोअर हातात: कुठला पाठवायचा, कुठला ठेवायचा?

लेकीने सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, दोनदा दिली. मार्चमध्ये रीडिंग-रायटिंगला ६६० आणि मॅथ्सला ७६०, म्हणजे १४२०. ऑगस्टमध्ये ७१० आणि ७२०, म्हणजे १४३०. दहा मार्क जास्त, तेव्हा ऑगस्टचाच पाठवायचा, असं घरात एकमताने ठरलं. एकमत चुकलं होतं.

अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सुपरस्कोअर धरतात. प्रत्येक विभागातला सगळ्यात चांगला आकडा उचलायचा, मग तो कुठल्याही तारखेचा असो. आमच्या बाबतीत ७१० अधिक ७६०, म्हणजे १४७०. नुसता ऑगस्टचा पाठवला असता तर चाळीस मार्क घरातच राहिले असते. पण त्यासाठी दोन्ही तारखा पाठवाव्या लागतात. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या 'स्कोअर चॉइस'मध्ये तारीख निवडता येते, विभाग नाही. मार्चचं गणित हवं तर मार्चचं इंग्रजीही त्याच्या पाठोपाठ जाणार.

"बाबा, पण ६६० दिसेल ना त्यांना!" दिसेल. दिसू दे. एमआयटी तर उघड सांगते की प्रत्येक विभागातला सर्वोच्च आकडाच आम्ही विचारात घेतो. कमी आकडा लपवण्याच्या नादात मुलं चांगला आकडाही लपवतात, हे मी या वर्षी दोन-तीन घरांत पाहिलं.

काही ठिकाणी मात्र एकाच तारखेचा सर्वोत्तम स्कोअर धरतात. तिथे ऑगस्टचा एकटा पुरेसा आहे. तरी अर्ज कम्प्युटर सायन्सचा असेल तर मी मार्चचाही जोडेन. एकूण बेरजेतल्या दहा मार्कांपेक्षा गणितातले ७६० जास्त बोलतात. आणि वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनसारखं विद्यापीठ सगळेच स्कोअर मागतं. स्कोअर चॉइसचं बटण स्क्रीनवर दिसलं तरी तिथे ते आपल्यासाठी नाही.

कोविडमध्ये ऐच्छिक झालेली ही परीक्षा एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, हार्वर्ड आणि कॅलटेकने तसंच २०२४ मध्ये जाहीर केलं. कोलंबियात ती ऐच्छिकच आहे. खरं डोकं खाजवायचं ते अशा ऐच्छिक ठिकाणी. प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे स्कोअर कुठल्या पट्ट्यात आहेत, हे बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट'मध्ये छापतात. आपला स्कोअर पट्ट्यात बसला तर पाठवा. जरा खाली असला तर? अमेरिकन मुलांना सल्ला मिळतो की ठेवून द्या. मी महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना तेवढ्या ठामपणे तसं सांगणार नाही. आपल्या बोर्डाचे ८२ टक्के म्हणजे नेमकं काय, हे तिकडच्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. सॅट त्याच्या ओळखीची फूटपट्टी आहे. शिवाय तो पट्टाही फुगलेला असतो, कारण स्कोअर ऐच्छिक झाल्यापासून तो पाठवतात मुख्यतः चांगले मार्क मिळालेलेच. पट्ट्याच्या बरंच खाली असाल तर मात्र गप्प बसलेलं बरं.

बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसचा प्रश्नच नाही. प्रवेश देताना ते स्कोअर बघतच नाहीत.

एसीटी, म्हणजे सॅटसारखीच दुसरी परीक्षा, हीही दिली असेल तर दोन्हींची खिचडी करू नका, सुपरस्कोअर एकाच परीक्षेच्या आत निघतो. एसीटीचे ३३ म्हणजे सॅटचे साधारण १४५० ते १४८०. यात जी वरचढ ठरेल ती पाठवा.

पैशांचं गणित वेगळं. सॅटनंतर नऊ दिवसांच्या आत चार कॉलेजांना रिपोर्ट फुकट जातो, पण तोवर निकालच आलेला नसतो. डोळे झाकून पाठवायचं. नंतर प्रत्येक कॉलेजमागे साधारण १५ डॉलर पडतात, मात्र त्याच रिपोर्टमध्ये दोन्ही तारखा जातात, दुसरीचे वेगळे पैसे नाहीत. त्याआधी एक बघा: कितीतरी कॉलेजं अर्जात तुम्ही स्वतः भरलेला स्कोअर चालवून घेतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश पक्का झाल्यावर मागतात. आम्ही तेवढ्यावर सहा रिपोर्टांचे पैसे वाचवले.

आता एक्सेलमध्ये प्रत्येक कॉलेजसमोर एकच रकाना आहे: 'हे कसं वाचतात?' जॉर्जटाउनची ओळ लेकीने स्वतःच काढून टाकली. स्कोअरमुळे नाही, वॉशिंग्टनचा वर्षाचा खर्च बघून.