भाव मीटरचा, माप वाराचं

गणपती-नवरात्राच्या आधी ठाण्यात जागोजागी हातमागाची प्रदर्शनं भरतात. नौपाड्यातल्या अशाच एका प्रदर्शनात मला छापील मिश्र कापड अस्सल पोचमपल्ली इकत (तेलंगणातलं, सूत आधी रंगवून मग विणलेलं नक्षीचं कापड) म्हणून विकलं गेलं, तेही मीटरचे पैसे घेऊन वाराने मोजून. वर पुढच्या कापडासाठी दिलेली आगाऊ रक्कमही बुडाली. घरी हौसेने शिवणाऱ्या पुष्कळ जणी या प्रदर्शनांतून कापड घेतात, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

मी धंदा म्हणून शिवत नाही. घरच्यांचे कुर्ते, भाचीचे फ्रॉक, उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या, एवढंच. पण कापड घेताना नीट चौकशी करते. त्या स्टॉलवाल्यालाही मी स्पष्ट विचारलं होतं, हे विणलेलं इकत आहे की छापलेलं? "ताई, हातमागाचं आहे, शंभर टक्के कॉटन. हात लावून बघा ना." भाव ३८० रुपये मीटर, पन्हा ४४ इंच. वहिनीच्या अनारकलीसाठी लाल रंगातलं ४ मीटर आणि माझ्या कुर्त्यासाठी निळं ३ मीटर घेतलं. त्याने लाकडी पट्टीवर भराभर मोजलं, ताक्यावरून फाडलं आणि घडी घालून हातात दिलं. पावती साध्या कागदावर, त्यावर फक्त रक्कम.

सुती कापड बेतण्याआधी पाण्यात भिजवून घ्यावं लागतं, नाहीतर शिवलेला कपडा पहिल्याच धुण्यात आटतो. लाल कापड मी तसं भिजवून, सावलीत वाळवून जमिनीवर पसरलं आणि कागदी पॅटर्न मांडले. पुढचा भाग बसला, मागचा बसला, घेराच्या कळ्याही बसल्या. बाह्या काही केल्या बसेनात. टेप लावला तर कापड भरलं ३ मीटर ६६ सेंटीमीटर. स्टॉलवाल्याचा नंबर होता, फोन केला. "कॉटन आहे मॅडम, पाण्यात आटणारच." या उत्तरावर बहुतेक जणी गप्प बसतील, कारण सुती कापड आटतं हे खरंच आहे. हीच त्याची सोय आहे.

पण निळ्या कापडाला अजून पाणी लागलेलं नव्हतं. ते मोजलं, २ मीटर ७४ सेंटीमीटर. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर. चार वारांचे ३.६६ मीटर होतात आणि तीन वारांचे २.७४. दोन्ही तुकडे हिशेबात चपखल बसले. पट्टीच वाराची होती. ७ मीटरच्या पैशांत ६० सेंटीमीटर कापड कमी, म्हणजे २२८ रुपये. रक्कम लहान वाटेल, पण दिवसभरात अशी किती गिऱ्हाइकं होतात याचा विचार करा. आणि त्यातलं लाल कापडात कमी पडलेलं ३४ सेंटीमीटर मिळालं असतं, तर बाह्या निघाल्या असत्या.

याच हिशेबातून दुसरी शंका आली. लाल कापड भिजून वाळल्यावरही बरोबर चार वार भरलं होतं. म्हणजे ते तसूभरही आटलं नव्हतं. शुद्ध सुती, न धुतलेलं कापड असं वागत नाही. मग काठाचे चार-पाच धागे काढून, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहिले. (शेजारी पाणी ठेवा आणि ओढणी-पदर लांब ठेवा.) सुती धागा जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते, बोटांनी चोळली की उडून जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि टणक मणी होतो. माझ्या धाग्यांना कागदाचा वास आला, पण राखेत कडक काळे कण राहिले. सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं होतं.

इकताची गोष्ट याहून सोपी आहे. खऱ्या इकतात कापड विणण्याआधीच सूत ठिकठिकाणी बांधून रंगवतात आणि मग नक्षी जुळेल असं विणतात. त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित विस्कटलेल्या, पिसासारख्या दिसतात आणि उलट बाजूही सुलट बाजूइतकीच गडद असते. पण हल्लीची छपाई पलीकडेही झिरपते आणि त्या विस्कटलेल्या कडासुद्धा हुबेहूब छापतात, म्हणून नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. नक्षीतून जाणारा एक धागा उसवून पाहा. सूत आधी रंगवलेलं असेल तर रंग धाग्याच्या सगळ्या बाजूंनी सारखा मुरलेला असतो. माझ्या धाग्याची एक बाजू लाल, दुसरी पांढुरकी. जांभळी नाक्यावरच्या माझ्या नेहमीच्या कापडवाल्या काकांनी तर घडी उलगडताच सांगितलं, "पॉली-कॉटन आहे, वरून प्रिंट मारलंय. दीडशेला मिळतं."

मला सर्वात जास्त राग याचाच येतो. सूत बांधायला, रंगवायला, जुळवायला विणकर घरातल्या माणसांचे कितीतरी दिवस जातात. त्यांच्या नावावर छापील माल खपवायचा आणि गिऱ्हाइकाने पुढे खऱ्या इकतावरही शंका घ्यायची, यात दोन्हीकडचं नुकसान आहे. केंद्र सरकारने २००६ साली 'हँडलूम मार्क' आणलं ते यासाठीच. त्याचं लेबल कापडावर आहे का ते विचारा. दारावरच्या 'हातमाग' लिहिलेल्या फलकाला तसा काही अर्थ नाही.

आगाऊ रकमेचं थोडक्यात सांगते. आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणींना तेच निळं हवं होतं, म्हणून मी ताक्यासाठी ३००० रुपये यूपीआयने भरले होते. पैसे गेले ते पावतीवरच्या दुकानाच्या नावावर नाही, भलत्याच एका व्यक्तीच्या नावावर. प्रदर्शन उठलं आणि आधी आटण्याचं कारण सांगणारा फोन लागेनासा झाला. सभागृहाच्या कचेरीत विचारलं तर आयोजकाकडे बोट दाखवलं, आयोजकाने स्टॉलवाल्याकडे.

मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून पैशांची तक्रार नोंदवली आणि बँकेलाही कळवलं. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते. मापाची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे करायची असते. २००९ च्या कायद्यानुसार विक्रीचं माप मेट्रिकच हवं आणि मोजपट्टीवर विभागाचा पडताळणीचा शिक्का हवा. शिक्का दिसला नाही तर तिथेच आपला टेप लावायला सांगा, आणि पावतीवर कापडाचा प्रकार, मीटर आणि पन्हा लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. विक्रेता परगावचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत २ वर्षांची आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

दोन्ही कापडं, जळालेल्या धाग्यांचे फोटो, टेप लावलेले फोटो आणि यूपीआयची नोंद मी एकत्र ठेवली आहे. आयोगाकडे द्यायचा अर्ज लिहून झाला आहे. याच प्रदर्शनातून आणखी कुणी कापड घेतलं असेल तर धुण्याआधी मोजा आणि मला कळवा, अर्जाला जोडता येईल.