ब्रेथ ॲनालायझर, आठ महिने वापरून (ट्रॅव्हल्सवाल्यांसाठी)

आपल्या सहा गाड्या हिंजवडीत एका कंपनीला पिकअप ड्रॉपला लागतात. कंपनीने सांगितलं ड्युटीआधी प्रत्येक ड्रायव्हरला फुंकायला लावा, रेकॉर्ड ठेवा, नाहीतर बिल अडकेल. आधी ऑनलाइन बाराशेचं मशीन घेतलं, सेमीकंडक्टर सेन्सरवालं, पोरांनी नुसता सेंट मारला तरी बोंबलायचं, महिन्यात कपाटात गेलं. मग हे फ्युएल सेलवालं (हा सेन्सर मुख्यतः दारूच पकडतो) घेतलं साडेआठ हजाराला.

पैसे वसूल झाले ते पहाटेच्या शिफ्टला. आमचे एक मामा, वीस वर्षं स्टिअरिंगवर, गाडीला साधा ओरखडा नाही. पाच वाजता फुंकले तर ४१, म्हणजे १०० मिलि रक्तात ४१ मिलिग्रॅम अल्कोहोल! म्हणे "शेठ, रात्री एकलाच बंद केली, झोपून आंघोळ करून आलोय." आणि खोटं नव्हते बोलत हो. पण शरीर हा आकडा तासाला साधारण १५ नेच उतरवतं, मग लिंबू चोखा नाहीतर चहा ढोसा. मोटार वाहन कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कलम १८५, २०१९ पासून पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल, किंवा दोन्ही. आमच्याकडे तर शून्यच चालतं. मामांना रिक्षात बसवलं, गाडी मी काढली.

उलटंही झालंय. एका पोराचं २२ आलं, पोरगं रडकुंडीला, दारूला शिवत नाही म्हणे. माउथवॉश करून आला होता. चूळ भरायला लावली, पंधरा मिनिटं बसवलं, परत फुंकलं तर ०. तेव्हापासून एका रीडिंगवर कोणाला घरी पाठवत नाही, आणि नळी प्रत्येकाला नवीन.

सेटिंग मात्र नीट बघून घ्या. आमचं टक्क्यात आलं होतं, ०.०१ दिसलं ते किरकोळ म्हणून सोडलं आम्ही, नंतर कळलं ते १० मिलिग्रॅम होतं! आणि गांजा बिंजा यात अजिबात कळत नाही, त्याला लाळेचं नाहीतर लघवीचं किट वेगळं लागतं, ते विकणारा सांगत नाही.

एक स्टार कापला तो कॅलिब्रेशनचा, म्हणजे रीडिंग बरोबर येतंय का ते तपासून जुळवून घेण्याचा. सहा महिन्यांनी पाठवलं तर सर्व्हिसवाल्याने बारा दिवस ठेवून घेतलं, फोन केला की "उद्या निघतंय साहेब". शेवटी दुसरं मशीन घ्यावं लागलं, तेच मॉडेल.